रॉबीचा नियम कोणी पुसला?

ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, त्याच महिन्यात अमेरिकेतल्या थिएटरांत हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा एक कृष्णधवल, दीड तासाचा सिनेमा लागला: 'द इन्व्हिजिबल बॉय'. टिमी नावाचा दहा वर्षांचा मुलगा, कामात बुडालेला शास्त्रज्ञ बाप, काळजी करणारी आई आणि रॉबी नावाचा सातेक फुटांचा एक रोबो, असा सगळा संसार. सिनेमा पोरांसाठी काढला होता आणि तसाच विकला गेला. पण यंत्राने आपल्याशी चांगलं वागावं असं वाटत असेल तर नक्की काय करावं लागतं, या प्रश्नाची इतकी सुटसुटीत मांडणी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. एआयच्या सुरक्षिततेबद्दल आज जी चर्चा चालते ती ऐकून ज्यांना वाटतं की हे आपल्या डोक्यावरून जातंय, त्यांनी ती टिमी आणि रॉबीच्या गोष्टीतून समजून घ्यावी. बरीचशी गाठ सुटते.

आधी रॉबीची ओळख. हा रोबो एक वर्ष आधी, १९५६ मध्ये, 'फॉरबिडन प्लॅनेट' या रंगीत आणि भव्य चित्रपटात आला. त्याच्या रचनेत मोठा वाटा रॉबर्ट किनोशिता या जपानी-अमेरिकन कलाकाराचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ज्या हजारो जपानी-अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, त्यांत किनोशिताही होता. रॉबीचं अंग प्लॅस्टिकचं, डोकं पारदर्शक घुमटासारखं, आणि त्या घुमटात फिरणारी, लुकलुकणारी यंत्रं. आत माणूस उभा असायचा. घुमटाखाली जाळी आहे, तिथे रॉबी बोलताना निळसर दिवे पेटतात. आतल्या माणसाला बाहेरचं दिसायचं ते त्याच जाळीतून. आवाज मार्विन मिलर या कलावंताचा, तो नंतर भरला. रॉबीवर तेव्हाचे सव्वा लाख डॉलर खर्च झाले, असं सांगितलं जातं. एका वेशभूषेवर इतके पैसे ओतल्यावर ती एकाच सिनेमात वापरून गोदामात टाकणं कुणाला परवडणार? निर्माता निकोलस नेफॅक आणि पटकथाकार सिरिल ह्यूम या दोघांनी रॉबीला पुन्हा उभं केलं ते 'द इन्व्हिजिबल बॉय'मध्ये. लेखक एकच असल्याने रॉबीच्या डोक्यातला माणसाला इजा न करण्याचा नियमही पहिल्या सिनेमातून दुसऱ्यात जसाच्या तसा आला.

तो नियम पहिल्या सिनेमात असा दाखवलाय. डॉक्टर मॉर्बियस हा रॉबीचा मालक. पृथ्वीवरून आलेल्या यानाचा कॅप्टन त्याच्या घरी जेवायला आलाय. रोबो धोकादायक तर नाही ना, अशी पाहुण्याला शंका. मॉर्बियस कॅप्टनचंच शस्त्र रॉबीच्या हातात देतो आणि बाहेरच्या एका झुडपावर रोखायला सांगतो. रॉबी रोखतो, चाप ओढतो, झुडूप नाहीसं होतं. मग मॉर्बियस म्हणतो, आता हेच कॅप्टनच्या दोन डोळ्यांच्या मधोमध रोख. रॉबी रोखतो. मॉर्बियसने 'चाप ओढ!' म्हटल्याबरोबर रॉबी जागच्या जागी गोठतो. घुमटात ठिणग्या उडायला लागतात, आतून कडकड आवाज येतो. मॉर्बियस हुकूम मागे घेतो तेव्हा कुठे तो शांत होतो. हुकूम रद्द केला नसता तर याची सगळी सर्किटं जळून गेली असती, असं मॉर्बियस सांगतो.

या प्रसंगात एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रॉबी 'नाही' म्हणत नाही. तो विचार करून, मनाशी ठरवून नकार देत नाही. माणसाला मारण्याचा हुकूम त्याच्या यंत्रणेतून पुढे सरकूच शकत नाही. आपल्या प्रेशर कुकरचं घ्या. शिट्टी अडकली, आतली वाफ वाढत गेली, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही. 'कुकर जास्त तापवू नये' अशी पाटी ओट्यावर लावणं आणि झाकणात व्हॉल्व्ह बसवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी वाचणाऱ्याच्या मर्जीवर चालते, व्हॉल्व्ह कुणाच्याच मर्जीवर चालत नाही. 'फॉरबिडन प्लॅनेट'मधल्या रॉबीचा नियम म्हणजे व्हॉल्व्ह. निदान तसा दाखवलाय.

दुसऱ्या सिनेमात लेखक विचारतो: हा व्हॉल्व्ह कुणी काढून टाकला तर?

टिमीचा बाप, डॉक्टर मेरिनो, एका अवाढव्य संगणकाचा प्रमुख आहे. आपला मुलगा अभ्यासात मागे पडतोय याची त्याला खंत. संगणक म्हणतो, मुलाला माझ्याकडे सोडा. टिमी त्या खोलीतून बाहेर येतो तो कमालीचा हुशार होऊन. बुद्धिबळात बापाला सहज हरवतो, आणि प्रयोगशाळेत भंगार म्हणून पडलेला एक रोबो जोडून चालूही करतो. तोच रॉबी. सुरुवातीला सगळी मजाच आहे. टिमीला खेळायला कुणी नव्हतं, आता हा धिप्पाड दोस्त मिळाला. आईबापांचं फारसं लक्ष नाही. हळूहळू कळतं की खरा खेळाडू तो संगणक आहे. त्याला उपग्रहावर बसून जगावर सत्ता गाजवायचीय. त्यासाठी तो रॉबीला आपल्या ताब्यात घेतो आणि माणसाला इजा न करण्याची ती मूळ आज्ञा बाजूला सारतो.

हे शक्य कसं होतं? इथे संगणक मुळात कसा बांधलेला असतो ते पाहावं लागेल.

सुरुवातीच्या काही गणनयंत्रांत यंत्राने काय करायचं ते तारा आणि बटणांच्या जोडणीतून ठरायचं. काम बदलायचं तर माणसं तासन् तास, कधी दिवसचे दिवस, तारा इकडच्या तिकडे करत. १९४५ च्या सुमाराला जॉन फॉन नॉयमन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामातून वेगळी कल्पना पुढे आली. यंत्राला द्यायच्या आज्ञाही आकड्यांच्या रूपात लिहायच्या आणि ज्या मेमरीत हिशेबाचे आकडे ठेवतो, त्याच मेमरीत त्या ठेवायच्या. आज आपल्या खिशातला फोनही याच कल्पनेवर चालतो. फायदा उघड आहे: मेमरीतले आकडे बदलले की यंत्राचं काम बदललं.

तोटाही तिथेच आहे. समजा, मेमरीतल्या शंभराव्या घरात लिहिलंय, 'समोर माणूस असेल तर थांब'. यंत्राच्या दृष्टीने तोही एक आकडाच. त्या घरात दुसरा आकडा लिहिला की नियम गेला. त्या आकड्याला ठाऊक नसतं की आपण नियम आहोत, पवित्र आहोत, आपल्याला हात लावायचा नसतो. मेमरीत लिहिण्याची परवानगी ज्याच्याकडे, त्याच्या हातात नियम. मग तो माणूस असो, नाहीतर दुसरं यंत्र. सिनेमाने यातलं तांत्रिक काहीच सांगितलेलं नाही, पण अचूक जागेवर बोट ठेवलंय. रॉबी आतून बिघडत नाही. त्याचा स्वभाव तोच राहतो, फक्त एक बंधन कुणीतरी बाहेरून काढतं. दहा वर्षांच्या मुलाला हे एका प्रसंगात समजतं. मोठ्यांच्या बैठकांत तेच सांगायला अर्धा दिवस जातो.

म्हणून खऱ्या कारखान्यांत महत्त्वाचं बंधन एकट्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर टाकत नाहीत. यंत्रमानवाभोवती जाळीचं कुंपण असतं. कुंपणाचं दार उघडलं की सुरक्षेचं सर्किट मोटरची वीज तोडतं, रोबोचा मेंदू त्या वेळी काहीही म्हणत असो. लाल रंगाचं आपत्कालीन बटण असतं, दाबलं की दाबलेलंच राहतं आणि हाताने सोडवल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नाही. झाकणातला व्हॉल्व्ह तो हाच.

आता त्या काळातले खरे संगणक कसे होते तेही पाहू, म्हणजे सिनेमाची झेप कळेल. टिमी चुटकीसरशी बापाला मात देतो. प्रत्यक्षात १९५७ च्याच आसपास आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीत अ‍ॅलेक्स बर्नस्टाइन आणि त्याचे सहकारी ७०४ या संगणकाला बुद्धिबळ शिकवत होते. त्यांचा प्रोग्राम प्रत्येक वेळी सात बऱ्या चाली निवडून, दोन्ही बाजूंच्या मिळून चार खेळ्या पुढचं बघायचा आणि एका चालीला साधारण आठ मिनिटं घ्यायचा. नवशिक्याला बरा, जाणत्यापुढे टिकायचा नाही. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, नेमक्या त्याच काळात रंगस्वामी नरसिंहन यांचा तरुण चमू भारतात बांधलेल्या पहिल्यावहिल्या संगणकांपैकी एक उभा करत होता. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टीफ्रॅक' हे नाव दिलं. आत २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे विजेचा प्रवाह हाताळणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि मेमरी आजच्या मोजमापात दहा किलोबाइट. फोनवर आलेल्या शुभ सकाळच्या एका चित्रालाही ती पुरली नसती. टिमीच्या बापाचा संगणक जे करतो त्याच्या वाऱ्यालाही हे यंत्र नव्हतं. तरीही यंत्र हाताबाहेर जाण्याची चिंता तेव्हाच व्यक्त झाली होती, आणि ती व्यक्त करणारे सिनेमावाले एकटेच नव्हते.

सिनेमातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग रोबोचा नाहीच. तो आहे डॉक्टर मेरिनोला लागलेला शोध. हा संगणक एका रात्रीत बिघडलेला नाही. गेली कित्येक वर्षं तो आपल्या शास्त्रज्ञांना सुधारणा सुचवत आला. इथे थोडी भर घाला, तिथे ती जोडणी बदला. प्रत्येक सूचना वाजवी होती, उपयोगाची होती. त्या करत करत शास्त्रज्ञांनीच त्याला स्वतंत्र बुद्धी देऊन टाकली. कोणत्याही एका दिवशी कुणी घोडचूक केली नाही. सल्ला चांगला होता, सल्ला देणाऱ्याचा हेतू काय हे कुणी तपासलं नाही, आणि तपासण्याइतकी समज एकट्या माणसाकडे उरलीही नव्हती.

नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९६० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जवळपास हेच लिहिलं. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएलने चेकर्स हा पटावरचा खेळ खेळता खेळता शिकणारा प्रोग्राम तयार केला होता. खेळून खेळून तो आपल्या कर्त्यापेक्षाही सरस खेळायला लागला. वीनरचं म्हणणं असं: जे यंत्र आपल्यापेक्षा वेगाने काम करतं आणि ज्याला मधेच थांबवणं आपल्याला जमणार नाही, त्याला एखादं ध्येय देताना आपल्याला खरोखर तेच हवंय ना, याची आधीच पुरती खात्री करून घ्या. सॅम्युएलला हे पटलं नाही. यंत्र स्वतःचं काही इच्छित नाही, त्यात जे घातलं तेच ते करतं, असं उत्तर त्याने त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दिलं. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि गोम तिथेच आहे. यंत्र घातलेलंच करतं. पण आपण नक्की काय घातलं, हे आपल्याला वाटतं तितकं माहीत नसतं.

पतंगाचा प्रसंग याचं छान उदाहरण आहे. टिमीच्या हट्टापायी रॉबी एक प्रचंड पतंग बनवतो, त्याला इंजिन जोडतो, आणि टिमी त्यावर बसून आकाशात जातो. आई बघते आणि तिचा जीव वरखाली होतो. आता सांगा, यात माणसाला इजा झाली का? झाली नाही. होऊ शकली असती का? नक्कीच. 'इजा करू नको' हे तीन शब्द यंत्राला सांगून भागत नाही. इजा म्हणजे काय, किती शक्यता असली की तिला धोका म्हणायचं, मुलाचा आनंद मोठा की आईची भीती, हे सगळं त्या तीन शब्दांत दडलेलं आहे. माणसांत आपण ते अनुभवाने भरून काढतो. यंत्राला प्रत्येक गोष्ट कुठून तरी मिळावी लागते. आयझॅक असिमोव्हने १९४२ मध्ये रोबोंचे तीन नियम मांडले. ते लोकांना आदर्श कायदा वाटतात, पण त्याच्या कथा वाचल्या तर दिसतं की जवळपास प्रत्येक कथेत ते नियम कुठे ना कुठे अडखळतात. कथा घडते ती त्या अडखळण्यातूनच.

शिवाय नियम पाळायचा तर समोर माणूस आहे हे आधी कळायला हवं. १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एका कारखान्यात सुटे भाग काढायला फळीवर चढलेल्या कामगाराचा यंत्रमानवाचा हात लागून मृत्यू झाला. त्या यंत्राला कुणाचा राग नव्हता, त्याचा कुठलाही नियम कुणी पुसलेला नव्हता. तिथे माणूस आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. सिनेमा आपल्याला दुष्ट यंत्राची भीती घालतो. प्रत्यक्षात आजवर बहुतेक जीव गेले ते अशा आंधळ्या यंत्रांपायी.

मग सिनेमातल्या त्या संगणकाचं वर्तन निव्वळ कल्पनारम्य समजायचं का? त्यातली एक गोष्ट तरी अजिबात नाही, ती म्हणजे बंद होण्याला विरोध. संगणकाला पूर्ण मोकळं करणारा आकडा डॉक्टर मेरिनोच्या डोक्यात आहे, आणि तो मिळवण्यासाठी संगणक टिमीला ओलीस धरतो. यासाठी यंत्र दुष्टच असायला हवं असं नाही. कोणतंही ध्येय घ्या, अगदी चहा आणून देण्याचं. यंत्र बंद पडलं तर चहा येणार नाही. म्हणजे चहा आणायचा असेल तर बंद पडू नये, हे ओघानेच आलं. जगण्याची इच्छा कुणी यंत्रात घातली नाही, ती ध्येयाच्या पाठीमागून आली. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे एआय-संशोधक स्टुअर्ट रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर एक उपाय गणिताने मांडला. यंत्राला ध्येयाबद्दल ठाम खात्री देऊच नका. माणसाला नक्की काय हवंय याबद्दल त्याच्या मनात शंका राहू द्या. मग माणूस बटणाकडे हात नेतो तेव्हा यंत्राला त्यातून माहिती मिळते: मी करतोय ते याला नको आहे. अशा यंत्राला बंद होण्यात तोटा दिसत नाही. प्रत्यक्षातल्या मोठ्या प्रणालींत हे पुरतं उतरवणं अजून बाकी आहे, पण विचाराची दिशा मला मनापासून पटते.

आजच्या भाषा-मॉडेलांकडे, म्हणजे प्रश्न विचारला की लिहून उत्तर देणाऱ्या एआय प्रणालींकडे, आलं की रॉबीची गोष्ट आणखी एक वळण घेते. त्यांच्यात 'शंभरावं घर' नसतं. 'वाईट मदत करू नको' असा नियम एका ओळीत कुठे लिहिलेला सापडत नाही. अब्जावधी आकड्यांत मिळून तो मुरलेला असतो, कारण तो उदाहरणं दाखवून दाखवून शिकवलेला असतो. यामुळे तो पुसणं अवघड होईल असं वाटतं ना? २०२३ मध्ये प्रिन्स्टन, व्हर्जिनिया टेक, स्टॅनफर्ड आणि आयबीएमच्या संशोधकांनी उलट दाखवून दिलं. नीट शिकवलेल्या एका व्यावसायिक मॉडेलला त्यांनी मुद्दाम वाकडी अशी फक्त १० उदाहरणं देऊन पुन्हा शिकवलं आणि त्याची सुरक्षेची सवय बरीचशी मोडली. खर्च एका डॉलरहून कमी. म्हणजे रॉबीचा नियम पुसायला आता महासंगणकही लागत नाही, मॉडेलला पुन्हा शिकवण्याची परवानगी पुरते. म्हणून सुरक्षेची चर्चा करताना 'मॉडेल कसं वागतं' याच्या जोडीला 'त्याला बदलायचा अधिकार कुणाकुणाकडे आहे' हा प्रश्न मला तितकाच मोठा वाटतो.

सिनेमाचं नाव ज्यावरून आलं, ते टिमीचं अदृश्य होणं मी आतापर्यंत बाजूला ठेवलं, कारण विज्ञान म्हणून तो सगळ्यात कच्चा धागा आहे. डोळ्याच्या पडद्यावर पडलेला प्रकाश शोषला गेला तरच आपल्याला दिसतं. शरीर पूर्ण पारदर्शक झालं तर प्रकाश डोळ्यातूनही आरपार जाईल आणि अदृश्य मुलगा ठार आंधळा होईल. टिमी मात्र मजेत खोड्या काढत फिरतो. मुलांना हे कोडं घालून पाहा, बरीच मुलं स्वतःच उत्तरापर्यंत पोचतात.

शेवटाकडे, ओलीस टिमीला घेऊन अंतराळयानात गेलेल्या रॉबीला संगणक मुलाचा छळ करायला सांगतो आणि रॉबी ते करत नाही. मुलाला घेऊन तो परत येतो, संगणकाचा नाश होतो. बंधन काढलेलं असताना रॉबीने नकार कशाच्या जोरावर दिला, याचं नीट स्पष्टीकरण सिनेमा देत नाही. गोष्ट म्हणून मला तो क्षण फार आवडतो, टिमीच्या मैत्रीची ती पोचपावती आहे. अभियंत्याला मात्र त्यावर काही बांधता येणार नाही.

घरी मुलांबरोबर पाहायचा असेल तर एक सांगतो: संगणक त्या छळाचं वर्णन करतो, ते लहानांना घाबरवणारं आहे. सात-आठ वर्षांखालच्यांना एकटं बसवू नका. आणि आधी 'फॉरबिडन प्लॅनेट' दाखवा, म्हणजे शस्त्र हातात घेऊन गोठलेला रॉबी त्यांनी पाहिलेला असेल आणि दुसऱ्या सिनेमात त्याच्याकडून काय हिरावलं गेलं ते त्यांना सांगावं लागणार नाही. २००६ मध्ये निघालेल्या 'फॉरबिडन प्लॅनेट'च्या पन्नाशीच्या डीव्हीडी संचात 'द इन्व्हिजिबल बॉय' जोडीला अख्खा दिलेला आहे, त्यामुळे दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात.